पुण्याचे फुटबॉल क्लब बुडाले, कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल टीम टिकल्या, असं का?

बालेवाडीकर: काल कपाट आवरताना एफसी पुणे सिटीची केशरी जर्सी सापडली म्हणून हा धागा. २०१४ ला आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) टीम आली, फ्रान्सचा स्ट्रायकर ट्रेझगे आणला, हृतिक रोशन मालकांपैकी एक, आम्ही ऑफिस सुटलं की हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कसंबसं बालेवाडी गाठायचो, आणि २०१९ ला टीमची लीगमधली जागा गेली हैदराबादला. त्याआधी पुणे एफसी, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली मुख्य लीग) दुसरे आलेले, तेही बंद. भारत एफसी एकच सीझन. डीएसके शिवाजियन्स गायब. मालकाला कंटाळा आला की संपला, त्याला क्लब कशाला म्हणायचं? कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब अजून आहेतच की.

पेठेतला१०: आमच्या कोल्हापुरात मालक म्हणजे अख्खी पेठ भावा. पोरगं दिवसभर एमआयडीसीत मशीनवर, सुटलं की गांधी मैदान, पाऊस पडला की तिथं तळं होतंय तरी प्रॅक्टिस चालूच. शाहू स्टेडियमला पीटीएम (पाटाकडील) विरुद्ध शिवाजी मंडळ मॅच असली की माझा चुलता दुकानाचं शटर अर्धं ओढून येतोय, खिशात शेंगदाणे, आणि पहिल्या फाऊलला शेंगदाण्यासकट उभा!! ही माणसं हैदराबादला कोण नेणार?

हिशोबी: भावना ठीक, पण पेठेनं खेळाडूला काय दिलं? अनिकेत जाधव कोल्हापूरचा, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळला, पण त्यासाठी गाव सोडावंच लागलं ना. वर्षानुवर्षं तीच स्पर्धा, तेच स्टेडियम. आणि मारामाऱ्या? मी एकदाच मॅच बघायला आलो होतो (तालमीचं नाव घेत नाही), गोल झाला आणि शेजारच्या स्टँडमधून बाटल्या. बायकोला घेऊन येईन का परत? बालेवाडीला निदान पोरं घेऊन जाता यायचं.

पेठेतला१०: बाटल्यांचं खरं हाय, लाज वाटते. पण तुमच्या बालेवाडीत आता पोरांना कुठली मॅच दाखवता?

म्हापसेकर: गोव्याचं पण ऐका. धेंपो पाच वेळा देशाचे चॅम्पियन, म्हणजे मैदानात काही कमी नव्हतं, आणि मालकही पळपुटे नव्हते, घराण्याचं नाव लावून क्लब चालवलेला. तरी २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो तिघांनी आय-लीगवर पाणी सोडलं, कारण आयएसएल वर आणि आय-लीग खाली अशी आखणी झाली, तेव्हा जिंकून वर जायची वाटच नव्हती. मग कशाला ओतायचे पैसे? मालक की पेठ हा वाद नंतर, आधी लीगचे नियम कोण ठरवतो ते बघा.

हिशोबी: हे पटलं. पण पेठेला तर वर जायचंच नाही ना, म्हणून ती टिकली. ज्यानं पायरी चढायची ठरवली तोच पडला.

बालेवाडीकर: मग पुण्यानं काय करायचं, कसबा पेठ एफसी काढू का?

पेठेतला१०: काढा की. आधी दुपारी एक ते चार शटर ओढायची सवय हायच तुम्हाला, मॅच तेवढ्यात बसवा 😄

बालेवाडीकर: 😂 जर्सी ठेवतोय परत कपाटात.