पियानो-रचनाकार शोपाँच्या प्रेल्यूड्स (छोट्या पियानो रचना): जुन्या प्रतींमधल्या खुणा जुळत नाहीत, कुठली धरायची?

रियाजवही: मी सध्या ओपस २८ (२८ क्रमांकाचा रचनासंच) मधली ४ नंबरची, ई मायनरवाली प्रेल्यूड बसवतेय. टीचरनी दिलेली जुनी प्रत आणि पहिल्या फ्रेंच आवृत्तीचं स्कॅन शेजारी ठेवलं तर सूर तेच, पण हेअरपिन (आवाज वाढवायच्या-कमी करायच्या खुणा) कमीजास्त लांब, स्लर (सूर जोडून वाजवायच्या कमानी) वेगळ्या ठिकाणी तुटलेले, आणि एकीकडे ॲक्सेंट (सुरावर जोर द्यायची खूण) आहे तिथे दुसरीकडे छोटा डिमिन्युएंडो (आवाज हळूहळू कमी करायची खूण). पहिली आवृत्ती म्हणजे तीच खरी असं धरून चालू का?

डावाहात: आधी बघ कुठली प्रत कशावरून छापली. तेव्हा कॉपीराइट देशागणिक वेगळा, म्हणून शोपाँ पॅरिस, लाइपझिग, लंडन अशा तिन्हीकडच्या प्रकाशकांना एकच रचना द्यायचा. या प्रेल्यूड्स त्याने मायोर्का या स्पॅनिश बेटावर पुऱ्या केल्या, १८३९ मध्ये हस्तलिखित पॅरिसला त्याचा मित्र फोंतानाकडे पाठवलं, आणि फोंतानाने त्याची नक्कल केली. पॅरिसच्या कातलँने मूळ हस्तलिखितावरून छापलं, लाइपझिगच्या ब्राइटकॉफने त्या नकलेवरून, आणि लंडनच्या वेसेलने फ्रेंच छापील प्रतीवरून. म्हणजे फ्रेंच आणि इंग्रजी प्रत जुळली तर दोन साक्षीदार मिळाले असं नाही, साक्ष एकाचीच. मूळ हस्तलिखित वॉर्सॉच्या नॅशनल लायब्ररीत आहे, शंका आली की ते बघ, छापील आवृत्तीच्या स्कॅनवर थांबू नकोस.

मंदसप्तक: तुझा तो ॲक्सेंट की डिमिन्युएंडो प्रकार म्हणजे शोपाँचा लांब ॲक्सेंट असणार. तो हाताने लिहिताना ही खूण कधी आखूड कधी लांब काढायचा, आणि लांब असली की तिचा अर्थ नुसता ठोका नाही, त्या सुरावर जरा वजन टाकून हळूहळू सोडणं. छपाईची प्लेट कोरणाऱ्या एनग्रेव्हरला मात्र दोनच गोष्टी माहीत, ॲक्सेंट नाहीतर डिमिन्युएंडो, मग जे जवळचं वाटलं ते प्लेटवर कोरलं. संपादक एकीयरच्या पोलिश नॅशनल एडिशनमध्ये हे दोन ॲक्सेंट मुद्दाम वेगळे छापलेत. आपल्याकडे भातखंडे स्वरलिपीत मींडेची कमान असते ना, ती कुठून कुठे ते कळतं पण घ्यायची कशी ते गुरूकडूनच कळतं, इथेही तसंच.

डावाहात: आणि जुनं तेच खरं हेही सरसकट चालत नाही. ओपस १० ची ३ नंबरची एट्यूड (सरावाची रचना) घे, १८३२ च्या हस्तलिखितात तिच्यावर विवाचे (जलद) आहे, नंतर विवाचे मा नॉन त्रोप्पो (जलद, पण फार नाही) झालं, आणि १८३३ च्या फ्रेंच आवृत्तीत लेंतो मा नॉन त्रोप्पो (संथ, पण फार नाही)! आज सगळे वाजवतात ती संथच. ही काही छापखान्याची चूक नव्हे, विचार त्याचाच बदलत गेला. छापून झाल्यावरसुद्धा तो शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलने खुणा करत राहिला, त्यातली शिष्या जेन स्टर्लिंग हिच्या प्रती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

मंदसप्तक: हो, आणि ऑनलाइन शोपाँ व्हेरिओरम एडिशन बघ, तिथे एकेक बार (मात्रांचा एक खंड) घेऊन वेगवेगळ्या प्रती शेजारीशेजारी ठेवता येतात. शिवाय टीचरच्या प्रतीवर संपादकाचं नाव शोध, नंतरच्या संपादकांनी स्वतःच्या वाजवण्यातल्या खुणा भरपूर घुसवल्यात.

रियाजवही: शोधलं, कव्हरच गायब आहे 😔 पण १६ व्या बारमधला स्ट्रेट्टो (लय वाढवायची सूचना) दोन्हीकडे आहे, तिथून पक्कं करत जाते. स्लर कुठे तुटतात ते आज हस्तलिखितावरून पेन्सिलने मार्क करून घेतलं, आणि डाव्या हाताच्या कॉर्ड्सवर उजव्या हाताचा सूर एकदम लांब श्वासात वाजायला लागला, आधी दर दोन बारला अडखळत होते.