सूर्यमालेचा तक्ता: प्रमाण पाळायचं कसं?

प्रश्न: मी चित्रकार, विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. एका विज्ञान संग्रहालयासाठी वर्गात लावायचे तक्ते करतेय आणि सूर्यमालेवर गाडी अडलीय. ग्रह प्रमाणात काढले तर अंतरं बसत नाहीत, अंतरं धरली तर ग्रह दिसतच नाहीत. तुम्ही काय करता?

उत्तर १: दोन्ही एका कागदावर बसवायचा नाद सोडा. पृथ्वी १ सेंटिमीटरची काढली तर सूर्य १०९ सेंटिमीटरचा होतो, आणि तो ११७ मीटर लांब जातो. मी त्याऐवजी चंद्र घेतो. त्याच प्रमाणात तो जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा, पृथ्वीपासून ३० सेंटिमीटरवर. आडव्या ए-थ्रीवर अगदी खऱ्या प्रमाणात मावतो! आधी मुलांनाच पेन्सिलीने चंद्राची जागा दाखवायला सांगा. बरीचशी त्याला पृथ्वीला चिकटवतात. (म्हणून उत्तर शिक्षकांच्या पानावर द्या, तक्त्यावर नको.)

उत्तर २: कक्षेकडेही बघा. तिरकं दृश्य म्हणून आपण लांबट अंडाकृती काढतो आणि मुलं समजतात, सूर्याजवळ गेलो की उन्हाळा. खरं तर कक्षा जवळजवळ गोल आहे, आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीत. वरून पाहिल्यासारखं वर्तुळच काढा. ऋतूंसाठी २३.५ अंश कललेला अक्ष वेगळ्या चित्रात.

प्रश्नकर्ती: चंद्राचं पटलं. पण एवढ्याशा ठिपक्यावर विवरं काढायची माझी हौस गेली ना! मागच्या बाजूला मोठा चंद्र दिला तर?

उत्तर १: द्या की. फक्त ‘प्रमाणात नाही’ हे चित्राला लागूनच लिहा. तळटीप कोणी वाचत नाही.