'फेअर' या इंग्रजी विशेषणाचे अर्थ मुलांना कसे सांगावेत? मदत हवी आहे

नमस्कार. परळच्या एका रात्रशाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवतो आणि मुलांसाठी नेहमीच्या विशेषणांची मराठी टिपणे तयार करताना 'फेअर' या शब्दापाशी अडलो आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'सुंदर' असा होता आणि पुढे त्याला 'उजळ वर्णाचा', 'निःपक्षपाती', 'बऱ्यापैकी' असे अर्थ फुटत गेले. मुलांना मात्र लग्नाच्या जाहिराती आणि २०२० साली नाव बदललेले ते प्रसिद्ध क्रीम यांच्यामुळे 'गोरा' एवढाच ठाऊक असतो. (गृहपाठ 'फेअर' करा म्हटले की तीच मुले निमूटपणे पक्की वही काढतात, हा भाग वेगळा.)

'फेअर प्राइस शॉप'ला 'रास्त भाव दुकान' हा नेमका शब्द शासनाने दिला आहे, पण 'फेअर ट्रायल'ला 'रास्त' चालत नाही, तिथे 'निःपक्षपाती' लागतो. भाड्याला 'वाजवी' शोभतो. येथवर ठीक. मात्र 'अ फेअर नंबर ऑफ पीपल' म्हणजे 'बरेच लोक', आणि प्रगतिपुस्तकातील 'फेअर' हा शेरा 'गुड'च्या खालचा, जेमतेम 'बरा'. एकच शब्द एका ठिकाणी मोकळ्या हाताने आणि दुसऱ्या ठिकाणी हात राखून का बोलतो, हे सोप्या शब्दांत कसे समजावावे?

शिवाय 'फेअर इनफ'मधील 'पटले, पण मनापासून नव्हे' ही छटा राखणारा बोलीतला पर्याय कोणी सुचवील काय? 'बरं, असो' मला अपुरे वाटते.