एमआरआयमध्ये 'स्मॉल व्हेसल' आलं : ग्रुपवर झालेली चर्चा

माधुरी: नमस्कार. सासूबाईंचा विषय आहे. वय ७२. चक्कर येत होती म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय, 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड १'. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. तोवर नेटवर शोधलं तर स्ट्रोक आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) एवढंच दिसतंय. आई सारखं विचारतायत, "काय निघालं गं?" काय सांगू तेच कळत नाहीये. कुणाकडे आलाय का असा रिपोर्ट?

अजित: बाबांच्या रिपोर्टमध्ये जवळपास हेच वाक्य होतं. ते ७६ चे आहेत, व्यवस्थित आहेत.

स्मिता: मावशीच्याही होतं. तिच्या डॉक्टरांनी वयोमानाने होतं म्हणून सोडून दिलं.

प्रकाशकाका: माझ्याही रिपोर्टात आहे. फक्त माझ्यात 'ग्रेड २' लिहिलंय.

रोहन: एका ग्रुपमध्ये इतके जण? मग हे सगळ्यांच्याच रिपोर्टमध्ये छापून ठेवलेलं वाक्य आहे का?

डॉ. वैशाली: रोहन, छापून ठेवलेलं नाही. खरंच इतकं आढळतं. मी रोज हेच स्कॅन वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'स्मॉल व्हेसल' म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या; त्या खराब झाल्याने मेंदूत पडणारे छोटे डाग म्हणजे हे 'चेंजेस', आणि फाझेकास ग्रेड म्हणजे ते किती आहेत याची मोजणी. माधुरी, आधी तुझ्यापुरतं: ७२ व्या वर्षी ग्रेड १ म्हणजे त्या वयात अगदी नेहमी दिसणारी गोष्ट. आईंना आजच सांग, घाबरण्यासारखं काही निघालेलं नाही.

डॉ. वैशाली: आता किती जणांना असतं ते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ६० ते ९० वयाच्या १०७७ सर्वसामान्य लोकांचे एमआरआय केले होते, पेशंटचे नव्हे. त्यात मेंदूच्या पांढऱ्या भागात, म्हणजे आतल्या तंतूंच्या भागात, एकही डाग नाही असे निघाले फक्त ५ टक्के. मेंदूच्या सालीखालच्या भागातले डाग ६० ते ७० वयात ८७ टक्के लोकांत होते आणि ८० च्या पुढे सगळ्यांमध्ये. म्हणजे या वयात स्वच्छ स्कॅन हाच अपवाद.

स्मिता: ६० नंतर ठीक. पण चाळिशीत?

डॉ. वैशाली: चाळिशीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत ४४ ते ४८ वयाच्या लोकांत साधारण निम्म्या जणांच्या मेंदूत एखाददुसरा छोटा ठिपका सापडला. त्यातल्या बहुतेकांना काही त्रास नसतो आणि स्कॅन केला नसता तर कळलंही नसतं.

रोहन: म्हणजे केस पांढरे होतात तसंच. मग एवढी चर्चा कशाला? रिपोर्टमध्ये लिहूच नये.

डॉ. वैशाली: इथे मी ठामपणे नाही म्हणेन. पांढऱ्या केसांनी कुणाला अर्धांगवायू होत नाही. 'सगळ्यांना असतं' आणि 'काही होत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिलं ऐकून लोक दुसरं गृहीत धरतात. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. घाबरलेला माणूस निदान डॉक्टरांकडे जातो. 'वयोमानाने होतं' ऐकून निर्धास्त झालेला माणूस बीपीची गोळी मनानेच बंद करतो.

प्रकाशकाका: वैशाली, तो ग्रेड नक्की कसा ठरतो ते सांग. माझा २ आहे म्हणून विचारतोय.

डॉ. वैशाली: सांगते काका. एमआरआयमध्ये फ्लेअर नावाची एक पद्धत असते. त्यात मेंदूतलं पाणी काळं दिसतं आणि जिथे पांढऱ्या भागाचं नुकसान झालंय ती जागा उजळ पांढरी. सुटे सुटे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले तर १. ठिपके मोठे होऊन एकमेकांना चिकटायला लागले तर २. सगळे मिसळून सलग मोठा पट्टा झाला तर ३. फाझेकास यांनी १९८७ मध्ये ही मोजणी मांडली आणि आजही आम्ही तीच वापरतो, कारण डोळ्यांनी बघून पटकन करता येते. पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेने असलेले डाग आणि आत खोलवरचे डाग यांना वेगळे आकडे देतात. रिपोर्टमध्ये एकच आकडा असेल तर तो कशाचा, हे विचारायला हरकत नाही.

डॉ. वैशाली: आणि ग्रेडने खरंच फरक पडतो. युरोपात ६५ ते ८४ वयाच्या ६३९ लोकांना तीन वर्षं पाहिलं. सुरुवातीला सगळे स्वतःचं स्वतः करणारे होते. डाग कमी असलेल्यांपैकी दरवर्षी सुमारे १० टक्के लोक परावलंबी झाले किंवा गेले, मध्यम डाग असलेल्यांत १५ टक्के, आणि खूप डाग असलेल्यांत जवळजवळ ३० टक्के. काका, तुम्ही मधल्या गटात आहात. म्हणून तुमच्या बीपीकडे माधुरीच्या सासूबाईंच्या बीपीपेक्षाही जास्त लक्ष द्यायला हवं.

प्रकाशकाका: समजलं. बीपी आहे मला, गोळी चालू आहे. मोजणं मात्र दवाखान्यात गेलो की तेवढंच.

अजित: ताई, पण हे डाग नेमके कशाचे असतात? रक्ताची गुठळी?

डॉ. वैशाली: मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अगदी बारीक असतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. त्या मोठ्या धमनीतून थेट निघतात आणि शेवटपर्यंत एकट्याच जातात, बाजूने दुसरी वाट नसते. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्यांची भिंत जाड आणि कडक होते. मग कधी रक्त कमी पोचतं, कधी भिंतीतून पातळ द्रव आजूबाजूला झिरपतो. या दोन्हींनी भोवतालच्या तंतूंवरचं आवरण खराब होतं. डाग दिसतो तो त्याचा. म्हणजे गुठळीच असते असं नाही.

डॉ. वैशाली: आणि पांढरे डाग हा या आजाराचा फक्त एक प्रकार. बारीक धमनी पूर्ण बंद पडली तर छोटा खड्डा उरतो, ३ ते १५ मिलिमीटरचा. त्याला लॅक्यून म्हणतात. ज्येष्ठ नागरिकांत साधारण पाचातल्या एकाच्या मेंदूत असा झटका येऊन गेल्याची खूण सापडते आणि त्यांना कधी काही जाणवलेलंच नसतं. तिसरा प्रकार म्हणजे धमनीतून रक्ताचा सूक्ष्म थेंब बाहेर पडणं. रॉटरडॅममध्येच ६० ते ६९ वयात सुमारे १८ टक्के आणि ८० च्या पुढे ३८ टक्के लोकांत ते दिसले. ते पकडायला एमआरआयमध्ये वेगळी पद्धत लावावी लागते, साध्या सीटी स्कॅनमध्ये कळत नाहीत. म्हणून 'हा आजार किती जणांना आहे' याचं एकच उत्तर नाही. एक ठिपका धरला तर जवळपास सगळ्यांना. ग्रेड ३ किंवा लॅक्यून धरले तर आकडा बराच खाली येतो.

स्मिता: मला एक फॉरवर्ड आलाय, की पन्नाशीनंतर प्रत्येकाने रोज एक ॲस्पिरिन घ्यावी म्हणजे मेंदूच्या नसा मोकळ्या राहतात. टाकू का इथे?

डॉ. वैशाली: कृपा करून टाकू नकोस स्मिता. आत्ताच सांगितलं ना, याच धमन्यांतून रक्त बाहेरही येतं. ज्यांना स्ट्रोक किंवा हृदयाचा त्रास झालेला नाही आणि नुसते डाग सापडलेत, त्यांना फक्त त्या डागांसाठी ॲस्पिरिन देऊ नये असं युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलंय. फायदा दिसत नाही आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण ज्यांना डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा आधीच्या स्ट्रोकसाठी दिलीये त्यांनी हे वाचून ती बंद करायची नाही. दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या.

स्मिता: नाही टाकत. बरं झालं विचारलं.

अजित: मग औषध काय?

डॉ. वैशाली: डाग पुसून टाकणारं औषध आज नाही. वाढ मंदावता येते, आणि त्यात सगळ्यात भक्कम पुरावा बीपीचा आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट नावाच्या अभ्यासात एका गटाचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलं, दुसऱ्याचं १४० च्या खाली. साधारण चार वर्षांनी पहिल्या गटात डागांचं आकारमान ०.९२ घनसेंटीमीटरने वाढलं होतं, दुसऱ्यात १.४५ ने. विसराळूपणाची सुरुवातीची पायरीही पहिल्या गटात कमी जणांनी गाठली. डिमेन्शियाच्या बाबतीत मात्र फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवं. त्या अभ्यासात डायबेटिस असलेले आणि आधी स्ट्रोक झालेले लोक नव्हते. म्हणून १२० हा आकडा उचलून कुणी स्वतःहून डोस वाढवू नये. उभं राहिल्यावर ज्यांचं बीपी पडतं अशा म्हाताऱ्या माणसांना तर त्याने पडून हाड मोडायचा धोका.

डॉ. वैशाली: बाकी सिगारेट-तंबाखू बंद, साखर आटोक्यात, मीठ कमी, रोज चालणं. हे सगळ्यांना पाठ आहे, लांबवत नाही.

माधुरी: वैशालीताई, मग आईंची चक्कर या डागांमुळेच का?

डॉ. वैशाली: ग्रेड १ मुळे चक्कर येते असं सहसा नसतं. हे नीट लक्षात ठेव, कारण रिपोर्टमध्ये काहीतरी सापडलं की सगळे त्यालाच दोष देऊन मोकळे होतात आणि खरं कारण राहून जातं. सोमवारी हे विचार: कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास आहे का? झोपून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी मोजाल का? चालू गोळ्यांपैकी कशाने चक्कर येते का? कुशीवर वळताना गरगरतं की उभं राहताना अंधारी येते, हे त्यांना आजच विचारून लिहून ठेव. डॉक्टरांना त्याचा रिपोर्टपेक्षा जास्त उपयोग होईल. आधीचा एखादा स्कॅन असेल तर तोही ने. एका स्कॅनपेक्षा दोन स्कॅनमधला फरक जास्त बोलतो.

माधुरी: उभं राहताना होतं. बाथरूममधून उठताना दोनदा भिंत धरली त्यांनी.

डॉ. वैशाली: मग तेच पहिलं वाक्य म्हणून सांग. आणि सोमवारपर्यंत पलंगावरून उठताना मिनिटभर कडेला बसून मगच उभं राहायचं.

रोहन: माझी बायको ३७ ची आहे, मायग्रेन आहे. तिच्याही रिपोर्टमध्ये ठिपके लिहिले होते. तेही हेच?

डॉ. वैशाली: मायग्रेनमध्ये असे ठिपके दिसतात, ते नेहमी याच आजाराचे नसतात. पण कमी वयात डाग बरेच असतील तर शोध घ्यावा लागतो. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या वेगळ्या आजाराचे असू शकतात. क्वचित घराण्यात चालणारा कॅडासिल नावाचा आजार असतो, नॉच ३ या जनुकातल्या बिघाडाने होणारा. मायग्रेन, कमी वयात स्ट्रोक, नंतर विसराळूपणा, असं एकाच घरात पिढ्यान् पिढ्या दिसत असेल तर न्यूरोलॉजिस्टला आवर्जून सांगायचं. तिच्या माहेरी असं काही आहे का?

रोहन: नाही, असं काही नाही. दोनच ठिपके होते.

डॉ. वैशाली: मग तिच्या न्यूरोलॉजिस्टना पुढच्या खेपेला रिपोर्ट दाखव, तेवढं पुरे.

अजित: आपण सगळ्यांनीच एकदा स्कॅन करून घ्यावा का? सोसायटीतर्फे शिबिर ठेवता येईल.

डॉ. वैशाली: अजित, तुझा हेतू चांगला आहे, पण नको. काहीही त्रास नसताना ६० च्या पुढच्यांचा स्कॅन केला की जवळपास सगळ्यांना डाग निघणार, सगळे घाबरणार आणि शेवटी उपाय तोच, बीपी सांभाळा. त्यापेक्षा बीपी मोजायचं शिबिर ठेव. मी येईन. स्कॅन कधी करायचा? चाल बदलली, पावलं लहान आणि घसटत पडायला लागली, विचार करायला, उत्तर द्यायला पूर्वीपेक्षा वेळ लागायला लागला, कशातच रस राहिला नाही, लघवी आवरेनाशी झाली, तेव्हा. घरचे हे सगळं म्हातारपणाच्या खात्यात टाकतात. आणि तोंड अचानक वाकडं झालं, हातातलं बळ गेलं किंवा बोलणं अडखळलं तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

प्रकाशकाका: घरी बीपी मोजायचं तर कसं मोजू? माझ्याकडे मनगटाचं मशीन आहे.

डॉ. वैशाली: काका, दंडावरचं मशीन घ्या. मनगटाचं बऱ्याचदा चुकतं. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवलेला. मोजताना बोलायचं नाही. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर वहीत तारखेसकट लिहा आणि ती वही डॉक्टरांकडे न्या.

प्रकाशकाका: उद्यापासून लिहितो. कपडा दंडाच्या वर सारला तर चालतो का, की शर्ट काढायचा?

डॉ. वैशाली: बाही घट्ट होत असेल तर काढाच, वर गुंडाळून ठेवू नका. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, कोपराच्या दोन बोटं वर.