मदत हवी आहे: राब भाजताना धूर पाड्यात साचतो (त्र्यंबकेश्वर तालुका)

नमस्कार मंडळी. आमची भातशेती डोंगराच्या पायथ्याला आहे. दर उन्हाळ्यात राब भाजतो, म्हणजे भाताची रोपं करायची जागा जाळून घेतो: शेण, त्यावर ऐनाची कवळं (झाडाच्या पाल्यासकट तोडलेल्या डहाळ्या), गवत-पाचोळा, वरून मातीचा थर. भाजलेल्या जागी तण कमी उगवतं, रोपं तरारून येतात. त्यामुळे ‘राब बंदच करा’ हे उत्तर वडिलांपुढे टिकणार नाही.

पेटवतो दिवस मावळताना, कारण तेव्हा वारा पडतो आणि विस्तव शेजारच्या सागात जायची भीती नसते. पण मातीखाली तो रात्रभर धुमसतो आणि सगळा धूर उतारानं पाड्यात येऊन बसतो. चुलतीला दमा आहे, पहाटे तिचे फार हाल होतात. दुपारी पेटवावं तर वारा भणाणतो.

मग वेळ कोणती धरावी? रचण्यात काही बदललं तर धूर कमी होतो का? कृपया पंजाबच्या पराळीचे (भाताचा पेंढा शेतात जाळण्याचे) लेख पाठवू नका, आमचा राब जेमतेम दोन-चार गुंठ्यांचा.

प्रतिसाद (इगतपुरीहून):
दादा, वडिलांचं विस्तवाचं गणित बरोबर आहे, धुराचं मात्र उलटं. सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा गार होऊन उताराला लागते आणि वरच्या उबदार हवेखाली धूर कोंडतो. ऊन चढलं की ही कोंडी फुटते. आम्ही सकाळी नऊ-दहाला, वारा उठायच्या आत काडी लावतो. आधी घरच्या चुलीचा धूर बघायचा. कौलांवर आडवा लोळत असेल तर थांबायचं, सरळ वर गेला तर पेटवायचं. वारा जिकडे जातो त्या टोकाकडून पेटवा, म्हणजे जाळ वाऱ्याविरुद्ध सावकाश येतो, पळत नाही आणि खालचं पुरतं जळतं. कवळं, शेण खडखडीत वाळलेलं हवं, माती अगदी पातळ. तुकड्यातुकड्यानं भाजा आणि धुमसणारं दुपारपर्यंत पाणी मारून विझवा. भोवती जाळरेषा (गवत-पाला साफ केलेला पट्टा) काढा, वनरक्षकाला आधी सांगून ठेवा.

एखादा वाफा चारसूत्री पद्धतीनं (ही भातलागवडीची सुधारित पद्धत) न भाजता करून बघा: गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. तूस घोटीच्या भातगिरण्यांत मिळेल.

मूळ धागाकर्ता:
आभार. चुलीची खूण वडिलांना लगेच पटेल. पण तूस जाळून राख करताना धूर होणारच ना? गिरणीवर तयार काळी राख कुणी आणली आहे का?