ऑक्सिमीटरच्या चाचणीसाठी कृत्रिम त्वचा : मेलानिनबाबत मदत हवी आहे

नमस्कार. रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोजण्यासाठी बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर साधारणपणे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतो. त्वचेतील मेलानिन हे रंगद्रव्य यांपैकी लाल प्रकाश अधिक शोषते, त्यामुळे गडद त्वचेवर यंत्राचे मोजमाप चुकू शकते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील प्रत्यक्ष ऑक्सिजन संपृक्तता ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गौरवर्णीयांत ३.६ टक्के होते. आपल्याकडे त्वचेच्या इतक्या छटा असताना हा प्रश्न दुय्यम मानणे मला मुळीच पटत नाही.

म्हणून प्रकल्पासाठी मी पीडीएमएस या सिलिकॉनचे त्वचेसारखे पातळ थर बनवत आहे. त्वचेप्रमाणे प्रकाश विखुरण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड चालते. अडचण रंगद्रव्याची आहे. काळ्या शाईचे शोषण तरंगलांबीनुसार फारसे बदलत नाही, मेलानिनचे मात्र तरंगलांबी वाढेल तसे झपाट्याने घटते, त्यामुळे शाईवर विसंबता येत नाही. कृत्रिम मेलानिन पीडीएमएसमध्ये गुठळ्या न होता एकसारखे कसे मिसळावे, आणि अशा थराचे शोषण मोजण्यासाठी पुण्यात किंवा मुंबईत बाहेरच्या विद्यार्थ्यांना इंटिग्रेटिंग स्फिअर (विखुरलेला प्रकाश गोळा करून मोजणारा पोकळ गोल) कुठे वापरू देतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.