मोरोक्कोच्या मुलींना जमले, ते आपल्या तालुक्यात कसे जमेल?

क्रीडाशिक्षिका, चोपडा : आमच्या मैदानावर रोज सकाळी साडेसहाला पंधरा मुली फुटबॉलच्या सरावाला येतात, कारण आठनंतर इथल्या उन्हात उभेही राहवत नाही. त्यांतल्या दोघी डोक्याला रुमाल बांधून खेळतात. गेल्या महिन्यात एका सामन्यात पंचांनी तो काढायला सांगितल्यावर दोघी मुकाट्याने बाहेर येऊन बसल्या. २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली होती. मग नियम नेमका काय आहे? आणि दहावीनंतर मुली खेळ सोडतात, ही अडचण त्या देशाने कशी सोडवली?

निवृत्त पंच, भुसावळ : ताई, मुलींची काहीच चूक नव्हती. डोके झाकण्याची परवानगी २०१४ मध्येच मिळाली आहे. वस्त्र काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे, जर्सीला जोडलेले नसावे आणि इजा होईल असे त्यात काही नसावे. टाचणी लावलेला रुमाल म्हणूनच अडतो. टोपीसारखे घट्ट बसणारे वस्त्र शिवून घ्या आणि नाणेफेकीआधीच पंचांना दाखवा.

फुटबॉलप्रेमी, धुळे : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते नियमित सामन्यांत आहे. २०२० मध्ये तिथल्या महासंघाने महिलांच्या वरच्या दोन श्रेणींना व्यावसायिक स्वरूप दिले, त्यामुळे मुलींना खेळत राहण्यासाठी कारण मिळाले. २०२२ मध्ये रबात येथे आफ्रिकी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हा संघ दक्षिण आफ्रिकेकडून १-२ असा हरला, तरी विश्वचषक गाठणारा पहिला अरब महिला संघ ठरला. तिथे जर्मनीने सहा गोल चढवले; पण पुढे दक्षिण कोरिया आणि कोलंबिया यांना त्यांनी १-० असे नमवले. कोलंबियाचा सामना संपल्यावर सगळ्या जणी पर्थच्या मैदानात एका फोनभोवती कोंडाळे करून जर्मनीचा सामना संपण्याची वाट पाहत होत्या, कारण पुढची फेरी त्याच्या निकालावर अवलंबून होती; ते दृश्य मी विसरू शकत नाही. संघातल्या कित्येक जणी युरोपात वाढलेल्या होत्या, हेही सांगायला हवे. मात्र कर्णधार गिझलान शेबाक राजधानीतल्या लष्करी क्लबचीच होती.

पालक, नंदुरबार : ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरला सतरा वर्षांखालील विश्वचषकात मोरोक्कोने आपल्या मुलींना ३-० असे हरवले, तेव्हा सरावातला फरक स्पष्ट दिसला होता. माझी मुलगी वर्षाला जेमतेम तीन सामने खेळते.

क्रीडाशिक्षिका, चोपडा : सर्वांची आभारी आहे. काळे कापड आजच शिंप्याकडे दिले आहे. दिवाळीनंतर दर रविवारी चोपडा, अमळनेर आणि शिरपूर येथे आळीपाळीने सामने ठेवता येतील का? अकरावी-बारावीच्या मुलींनाही त्यात घेऊ. आमचे मैदान मी मिळवून देते.